गुणगुण आणि गायब फ्यूज

१

फ्यूज गायब असल्याचं गुरुवारी सकाळी साडेसातला उघडकीला आलं.

आता फ्यूज म्हणजे काही जडजवाहीर नव्हे. बोटाच्या दोन पेरांएवढी काचेची नळी आणि आत केसासारखी तार. अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीमागे काळ्या टोपीखाली ती गुपचूप बसलेली असते आणि काही बिनसलं तर सगळ्यांच्या आधी स्वतः मरते. मेली असती तर काच काळी पडली असती आणि प्रेत जागेवर सापडलं असतं. इथे टोपी व्यवस्थित आवळलेली होती आणि आत काहीच नव्हतं.

टोपी हातात धरून तो बैठकीच्या खोलीत उभा राहिला.

विमा कंपनीत तो जोखीम-अधिकारी होता. कुणाचा कारखाना कधी जळेल, कुणाच्या गोदामात पाणी कधी शिरेल, याचे अंदाज बांधण्यात त्याची वीस वर्षं गेली होती. उरलेल्या वेळात, गेले चौदा महिने खपून, त्याने स्वतःच्या हातांनी व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर बांधला होता. पत्र्याची पेटी, तिच्यावर काचेचे सहा व्हॉल्व्ह, मागे जडशीळ ट्रान्सफॉर्मर आणि पोटात चारशे वीस व्होल्ट. बटण बंद केलं तरी हे व्होल्ट लगेच निघून जात नाहीत. रेंगाळणाऱ्या पाहुण्यांसारखे थोडा वेळ आतच बसून राहतात.

रविवारी संध्याकाळी पाचला श्रोते मंडळाचे तिघे जण हा अ‍ॅम्प्लिफायर ऐकायला येणार होते. पाच महिने तो असा वाजत होता की दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत भिंतीवरचं घड्याळ ऐकू यावं. आणि सोमवारी त्या शांततेत कुणीतरी आलं. घूंऽऽ. तोंड मिटून गुणगुणावं तसं, एकसुरी, स्पीकरच्या तळाशी. मंगळवारी ते गेलं. बुधवारी आलं, बायको बाजूने चालत गेली तसं गेलं, आणि ती परत आली तसं परत आलं. सोमवारी रात्रीच त्याने पेटी उघडून दोन कपॅसिटर बदलले होते, ट्रान्सफॉर्मर फिरवून बसवला होता; बुधवारी बाहेरूनच व्हॉल्व्हची अदलाबदल केली. गुणगुणीवर ढिम्म परिणाम नाही.

त्याने नवा फ्यूज घातला आणि बटण दाबलं. व्हॉल्व्ह नारिंगी झाले. गुणगुण हजर होती, आणि आता तिचं येणं-जाणंही थांबलं होतं. ती ठाण मांडून बसली होती.

म्हणजे घरातलं कुणीतरी या पेटीला हात लावत होतं. आज फ्यूज काढला, उद्या स्क्रू काढेल. आणि एकदा का त्या माणसाचा हात आत गेला की रविवारी पाचला श्रोते मंडळाऐवजी दुसरीच माणसं घरी जमतील.

त्याने पेटी उलटी करून पाहिली. मंगळवारीच, पेटी पुन्हा बंद केल्यावर, कुणी आत हात घालतंय का ते कळावं म्हणून त्याने बायकोचं नेलपॉलिश घेऊन तळाच्या आठही स्क्रूंवर एकेक लाल ठिपका दिला होता. स्क्रू हलला की ठिपका तडकणार.

आठही ठिपके शाबूत होते.

२

आत्या शनिवारी सकाळी आली, एक पिशवी आणि एक छत्री घेऊन.

ती त्याच्या वडिलांची, म्हणजे नानांची, धाकटी बहीण. एकतीस वर्षं टेलिफोन खात्यात तक्रारींच्या टेबलावर बसून निवृत्त झालेली. खात्यात तिची ख्याती अशी की दहातल्या सहा तक्रारी ती माणूस न पाठवता, नुसते प्रश्न विचारून निकालात काढायची. आत्याला विचारलं तर ती म्हणायची, "यंत्राला खोटं बोलून काही मिळत नाही, त्यामुळे ते बोलत नाही. माणसाला मिळतं."

"उघडू नकोस," ती पेटीकडे लांबूनच बघत म्हणाली. "तू उघडत बसतोस म्हणून तुला सापडत नाही. मला आधी माणसं बघू दे."

"अगं, तीनच माणसं आहेत. बायको, नाना, आणि हा माझा मेहुणा."

"चार. तू राहिलास."

"मी कशाला माझाच फ्यूज चोरीन?"

"असंच सगळे म्हणायचे. 'मी कशाला माझाच फोन बिघडवीन.' पुढे सांग."

त्याचा संशय मेहुण्यावर होता. बायकोचा हा धाकटा भाऊ चार महिन्यांपूर्वी आठवडाभरासाठी आला होता. नव्या नोकरीच्या शोधात होता आणि शोध बहुतेक सोफ्यावरच चालायचा.

"तू याला हात लावतोस का रे?" आत्याने विचारलं.

"मी?" मेहुणा उठून बसला. "आत्या, मी बल्बसुद्धा ताईकडून बदलून घेतो. भाऊजींच्या या शेगडीजवळून मी खिशात हात घालून जातो."

"शेगडी म्हणू नकोस," तो म्हणाला.

"तापते तर खरी. आणि भाऊजी, मला जर ती बंद पाडायची असती ना, तर मी त्या काचेच्या बाटल्यांतली एक ढापली असती. त्या मिळायला तुम्हाला चार महिने लागले, हे तुम्ही मला एकोणीस वेळा सांगितलंय. फ्यूजचा तर तुमच्याकडे डबाच भरलेला आहे."

आत्याने मान डोलावली. "मुद्दा आहे. नोकरी का मिळत नाही तुला?"

"मुलाखतीला बोलावत नाहीत."

"हं. गुणगुण तू ऐकलीस?"

"ऐकली की. खरं सांगू? मला ती सोबतीसारखी वाटते."

जोखीम-अधिकाऱ्याने डोळे मिटून घेतले. उद्या पाचला तिघे येणार होते आणि त्यांच्यापुढे ही सोबत वाजणार होती.

३

बायको स्वयंपाकघरात होती. आत्या स्टुलावर बसली. तो दारात उभा राहिला तेव्हा आत्याने त्याला हाताने आणखी मागे सारलं. तो दाराच्या बाहेर उभा राहून ऐकू लागला. त्यावर कुणी हरकत घेतली नाही.

"या पेटीवर चिडून आहेस का गं तू?"

"चिडून कशाला असेन? चौदा महिने नवरा घरात असतो, हे काय कमी आहे? इतरांचे कुठे कुठे असतात." भांडं आपटल्याचा आवाज आला. "नेलपॉलिशची बाटली मात्र संपवलीन. लग्नाला जायचं तर तळात काही नाही. विचारलं तर म्हणे, सुरक्षेसाठी."

"पुसतेस का ती पेटी?"

"हात लावायची बंदी आहे. पण पाहुणे यायचे म्हणून सोमवारी म्हटलं, ओल्या फडक्याने एकदा धूळ काढावी. फडकं पिळूनच आणलं होतं. तर नाना उठले. म्हणाले, ठेव ते, मी बघतो. फडकं माझ्या हातातून काढूनच घेतलं. आता नाना कधी घरात काही पुसतात का?"

"मग पुसली त्यांनी?"

"कुठली. फडकं वाळत टाकलं. नानांचं आपलं वेगळंच काही असतं. येता-जाता त्या पेटीला बोटांच्या पाठी लावून बघतात. तापलेल्या पोराच्या गालाला लावावा ना, तसा हात. मला तर वाटलं लळा लागला."

आतून स्टूल पुढे सरकल्याचा आवाज आला.

"गुरुवारी सकाळी तुम्ही सगळे कुठे होता?" आत्याचा आवाज जरा बदलला होता.

"मी इथे. हे आंघोळीला. माझा भाऊ झोपलेला. नाना बाहेर पेपर वाचत."

"पेपर किती वाजता येतो?"

"साडेसात, पावणेआठ." बायको थांबली. "अय्या, आत्या. पेपर आला नव्हता."

४

नाना खिडकीशी बसले होते. विजेच्या खात्यात छत्तीस वर्षं लाइनमन म्हणून काढलेली. आता वय शहात्तर. खांबांवर चढून चढून गुडघे गेलेले, हातांचे तळवे मात्र अजून चामड्यासारखे. ठळक आवाज ऐकू यायचे, बारीक नाही.

"दादा, पोराच्या पेटीत काय बिघडलंय?" आत्या शेजारी बसत म्हणाली.

"मला काय कळतंय त्यातलं." नाना रस्त्याकडे बघत राहिले. "मी खांबावरचा माणूस."

"हे कुणी सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला पाहिजे. खांबावरच होतो."

दाराशी उभ्या असलेल्या मुलाचे कान गरम झाले. जानेवारीत नाना पेटीजवळ येऊन, तारांकडे बोट दाखवून काहीतरी विचारायला लागले होते. तो तेव्हा डाग देत होता, हातातलं सोल्डर वितळत होतं, आणि तो मान वर न करता म्हणाला होता, "नाना, हे खांबावरचं काम नाही." त्यात रागावण्यासारखं काही नव्हतं. खरं तेच तो बोलला होता. त्यानंतर नानांनी विजेबद्दल एक शब्द काढला नव्हता, आणि याला ते सोयीचंच वाटलं होतं.

"ती गुणगुण तुला ऐकू येते?" आत्याने विचारलं.

"नाही."

"मग ती आहे की नाही, ते तुला कसं समजतं?"

नानांनी पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. मग नाना म्हणाले, "त्याचा चेहरा बघून."

आत्या उठली. बाहेर येऊन तिने भाच्याचा दंड धरला. तिचा हात गार होता.

"फ्यूज कुणी काढला ते मला कळलं," ती हळूच म्हणाली. "पण आता मला दुसरीच भीती वाटायला लागलीय. उद्या दुपारी सगळ्यांना बोलाव. आणि तोपर्यंत त्या पेटीला कुणी, म्हणजे तूसुद्धा, हात लावायचा नाही."

५

रविवारी दुपारी दोनला सगळे बैठकीच्या खोलीत जमले. तिघांना यायला तीन तास उरले होते. तो रात्रभर नीट झोपला नव्हता. हाताला चाळा म्हणून खिशातला स्क्रूड्रायव्हर कुरवाळत होता.

"पेटीचे ठिपके शाबूत आहेत," आत्याने सुरुवात केली. "म्हणजे पेटी उघडलेली नाही. तरी गुणगुण आली, गेली, आणि गुरुवारपासून पक्की झाली. म्हणजे बिघाड पेटीच्या आत नाही. बाहेर काय आहे?"

"रेकॉर्ड प्लेअर. तो तपासलाय. स्पीकर. तेही तपासलेत."

"आणखी?"

"आणखी काही नाही. मेन वायर आणि तिचा प्लग. तो मीच बसवलाय."

"म्हणून तो तपासला नाहीस."

त्याने भिंतीतल्या प्लगकडे पाहिलं.

"आता फ्यूज," आत्या म्हणाली. "ज्याला नुकसान करायचं असतं तो टोपी परत आवळून ठेवत नाही. चोराला फ्यूज नको असतो. मग कामासाठी काढला. कुठलं काम? भिंतीतून प्लग उपसला की पेटीत बाहेरून वीज येतच नाही. प्लगचं काम करणाऱ्याला फ्यूज काढायची गरज नाही. मीसुद्धा काढणार नाही. असा कोण आहे, जो प्लग हातात असतानाही आधी फ्यूज काढून खिशात घालेल?"

मेहुणा हळूच म्हणाला, "वेडा."

"किंवा असा माणूस, ज्याने छत्तीस वर्षं तेच केलं. खांबावर चढायचं तर खालचा फ्यूज काढायचा आणि स्वतःच्या खिशात ठेवायचा. पेटीत नाही, सोबत्याकडे नाही, स्वतःच्या खिशात. म्हणजे आपण वर असताना खालून कुणी लाइन चालू करू शकत नाही. हाताला लागलेली सवय आहे ती. डोक्याला विचारत नाही."

सगळ्यांनी खिडकीकडे पाहिलं. नानांनी सदऱ्याच्या खिशातून काचेची नळी काढली आणि टेबलावर ठेवली.

"हा आंघोळीहून लवकर आला," ते म्हणाले. "प्लग लावला, टोपी लावली. फ्यूज खिशातच राहिला. नंतर आठवलं तोवर याने आरडाओरडा केला होता."

"नाना, तुम्ही?" त्याला हसावं की ओरडावं कळेना. "आठवडाभर मी जिवाचं रान करतोय. तुम्ही माझा अ‍ॅम्प्लिफायर बिघडवलात?"

"थांब," आत्या म्हणाली. "प्लग उघड आधी."

त्याने प्लग उपसला आणि स्क्रू फिरवला. झाकण निघालं.

आत तीन तारा असायला हव्या होत्या. दोन असणार हे त्याला माहीत होतं, कारण तिसरी, हिरवी, अर्थिंगची, त्याने पाच महिन्यांपूर्वी स्वतःच कापली होती. गुणगुण तेव्हा त्यानेच गेली होती.

तीन होत्या. हिरव्या तारेच्या उरलेल्या तुकड्याला नवा तुकडा जोडला होता. दोन्ही तारा एकमेकींना आवळून दोन्ही बाजूंना पाच-पाच वेढे, वर नेटकी चिकटपट्टी. दोन खांबांच्या मधे तुटलेली तार जोडतात तो जोड, इथे बोटभर जागेत बसवलेला.

"सोमवारी नुसता पीळ दिला होता," नाना म्हणाले. "ढिला होता. गुरुवारी नीट केला."

आत्या पेटीकडे बघत म्हणाली, "सोन्या, या सगळ्या सामानात एकच जोड बरोबर आहे, आणि त्यालाच तू आठवडाभर बिघाड म्हणून शोधतोयस."

६

"सगळेच कापतात," तो म्हणाला. "रेकॉर्ड प्लेअरला अर्थिंग, याला अर्थिंग, दोन्ही मिळून एक वेटोळं होतं आणि त्यात गुणगुण फिरते. एक तार कापली की वेटोळं तुटतं. हा माहितीतला उपाय आहे."

"आणि ती तार असते कशाला?" आत्याने विचारलं.

त्याला उत्तर येत होतं. आत कुठे विजेची तार पत्र्याला टेकली, तर वीज या हिरव्या तारेने जमिनीत जावी आणि बटण पडावं किंवा फ्यूज उडावा, म्हणून असते. ती नसेल तर काही उडत नाही. पेटी नुसती वाट बघत बसते.

"गेल्या रविवारी बोटांना मुंग्या आल्या," नाना म्हणाले. त्यांनी उजवा हात उलटा करून दाखवला. "पाठीनेच लावायचा हात. तळव्याने लावला तर मूठ आवळते आणि सुटत नाही. मुंग्या आल्या म्हणून प्लग उघडून बघितला. तार नाही. दुसऱ्या दिवशी ही ओलं फडकं घेऊन आली."

बायकोने स्वतःचा तळवा एकदा पाहिला आणि पदराला पुसला.

"मला सांगायचंत ना, नाना," तो म्हणाला.

"एकदा बोलायला आलो होतो. जानेवारीत."

त्याने पेटी उलटी केली. नेलपॉलिशचे आठ ठिपके एकेक करून तडकले. तळाचा पत्रा निघाला. मेन वायर जिथे भोकातून आत शिरते, तिथे रबराची कडी बसवायची त्याच्या यादीत होती. यादीत पुढे 'नंतर' असं लिहिलं होतं. पत्र्याची धारदार कड वायरच्या आवरणात अर्धी रुतली होती. आवरणाचा कांद्याच्या सालीएवढा पापुद्रा उरला होता आणि त्यातून तांबं लालसर दिसत होतं. बिघाड शोधताना या आठवड्यात त्याने पेटी निदान तीस वेळा पुढे ओढली होती आणि मागे सारली होती. दर वेळी करवत एकेकदा फिरली होती.

मेहुणा वाकून बघत होता. त्याला विनोद सुचला नाही.

नानांनी चष्मा लावला, कड पाहिली, तांबं पाहिलं. रागाचा मागमूस नव्हता. लाइनवरचा अपघात बघायला आलेल्या माणसाने विचारावं तसं त्यांनी विचारलं, "हा उपाय आणखी कुणाला सांगितलास?"

त्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"श्रोते मंडळाच्या पत्रिकेत लिहिलं होतं," तो म्हणाला. "एक पानभर. 'गुणगुणीवर पाच मिनिटांचा उपाय.' नऊ जणांनी आवडल्याचं कळवलं होतं."

"नऊ," नाना म्हणाले. "फोन घे."

७

तीन वाजता पहिला फोन लागला.

नाना शेजारी बसून कागदावर खुणा करत होते. तो बोलत होता. मी लिहिलं ते चूक होतं, ती तार आत्ताच्या आत्ता जोडा, तोवर प्लग काढून ठेवा. सोपं वाक्य होतं, पण श्रोते मंडळातल्या माणसाला ते सोपं वाटेना. एकाने विचारलं, त्याने आवाजातली खोली कमी होणार नाही ना. दुसरा म्हणाला, पण तुमचा लेख फार पटण्यासारखा होता हो. तिसऱ्याने तार कापून शिवाय पेटीवर पाण्याची कुंडी ठेवली होती, शोभेला. हे कळताच नानांनी फोन त्याच्या हातातून घेतला, "आत्ता उठा" एवढंच म्हटलं, आणि कुंडी उचलली असं पलीकडून ओरडून सांगेपर्यंत ठेवला नाही.

चार वाजता आठ खुणा झाल्या. संध्याकाळी यायचे होते ते तिघेही त्यांत होते.

नववा फोन वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला.

"कोण हे?" नानांनी विचारलं.

"निवृत्त ग्रंथपाल आहेत. एकटे राहतात. दुपारी घरीच असतात." त्याला पुढचं बोलवत नव्हतं. "लिहिलेलं सगळं अक्षरशः पाळतात ते. माझ्या लेखातल्या एका आकड्याची चूक त्यांनी पत्र लिहून कळवली होती."

नाना उठले. गुडघ्यांनी कुरकुर केली. "पत्ता?"

"दोन रस्ते पलीकडे. तिसरा मजला. नाना, तुम्ही नका येऊ, जिने आहेत."

"खांबाला जिनाही नव्हता."

"पाचला ती माणसं येतील," बायको म्हणाली, पण ती हरकत नव्हती. ती दार उघडून उभी होती.

"चहा द्या," आत्या म्हणाली. "मी बघते त्यांच्याकडे. मला बरेच प्रश्न विचारायचेत."

ते भरभर चालले, म्हणजे नानांच्या चालीने. त्याला पळायचं होतं आणि त्यांना मागे टाकवत नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत नानांचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. दारावर पितळी पाटी होती. आतून गाणं येत होतं, मोठ्याने.

त्याने बेल दाबली. गाणं चालूच राहिलं. पुन्हा दाबली. दारावर मूठ आपटली. कुणी आलं नाही.

वीस वर्षं तो जोखीम मोजत आला होता. आत्ता त्याला आकडे येत नव्हते. डोळ्यांपुढे फक्त एक म्हातारा माणूस येत होता. रेकॉर्ड बदलायला उठलेला, एक हात आधाराला पत्र्याच्या पेटीवर ठेवलेला.

गाणं संपलं.

"श्श्," तो म्हणाला आणि दाराला कान लावला. अख्खा आठवडा ज्या आवाजाला हुसकावण्यात गेला, तोच आवाज आत असावा म्हणून तो श्वास रोखून उभा होता. शांतता असली तर तार कापलेली होती. लाकडापलीकडे आधी काहीच नव्हतं. मग, अगदी तळाशी, तोंड मिटून कुणीतरी धरलेला एक सूर. घूंऽऽ.

नाना त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. "येतोय?"

"येतोय, नाना. तार शाबूत आहे."

नानांनी कठड्याला पाठ टेकली आणि गुडघा चोळला.

"मग परत वाजव बेल," ते म्हणाले. "आता ऐकू जाईल त्याला."